टेस्टिंगचा उन्हाळा

आज सकाळी पडदा सरकवला तर खिडकीबाहेर काहीच दिसेना. काचेला बाहेरून घाम फुटला होता. आमच्याकडे ऑगस्ट असाच येतो. आतल्या एसीने काच गार पडलेली असते, बाहेर समुद्रावरची दमट हवा असते, आणि पाणी धरतं ते काचेच्या बाहेरच्या अंगाला. आतून कितीही पुसा, ढिम्म फरक पडत नाही. शारजात नवीन आले होते तेव्हा मी खरोखर फडकं घेऊन पुसत बसले होते, आणि विनय मागे उभा राहून हसत होता. विनय म्हणजे माझा नवरा. एसीच्या धंद्यातला माणूस, त्यामुळे असल्या गोष्टींत त्याला फार हसू येतं.

काच पांढुरकी, समोरचा टॉवर पांढुरका, खालून दुबईच्या बाजूला सरकणारी गाड्यांची रांगही पांढुरकी. मी चहाचा कप घेऊन तशीच उभी राहिले आणि एकदम पंख्यांची घरघर ऐकू आल्यासारखी झाली. छताच्या पंख्याची नव्हे. तो इथे कुठल्या घरात असतो? कॉम्प्युटरच्या डब्यातल्या पंख्यांची. तो एक उन्हाळा आमच्या घरात त्या घरघरीनेच भरलेला होता. दरवर्षी काच अशी घामेजली की तो उन्हाळा न बोलावता येऊन बसतो.

आखातातल्या उन्हाळ्याबद्दल गावाकडच्या लोकांना काही सांगायला जावं तर त्यांना वाटतं, आपण फुशारकी मारतोय. म्हणजे बघा, उन्हाळ्यात आमच्या गार पाण्याच्या नळाला चटका बसेल असं पाणी येतं, कारण टाकी गच्चीवर. मग आम्ही गीझर बंद ठेवतो आणि गरम पाण्याचा नळ सोडून आंघोळ करतो, कारण घरातल्या गीझरमध्ये साठलेलं पाणीच तेवढं अंगावर घेण्याजोगं उरतं. सासूबाई मिरजेहून आल्या होत्या तेव्हा त्यांना हे पटवता पटवता माझ्या नाकी नऊ आले. त्यांनी शेवटपर्यंत निळ्या खुणेचाच नळ सोडला आणि शेवटपर्यंत आमच्या बिल्डिंगला नावं ठेवली.

शाळांना सुट्ट्या लागल्या की आमची वस्ती, अल नहदा, निम्मी रिकामी होते. बायका-मुलं आपापल्या गावी जातात. एरवी ज्या पार्किंगसाठी माणसं बिल्डिंगभोवती घिरट्या घालतात, ते मोकळं पडतं. लिफ्ट लगेच येते, आणि लिफ्टमध्ये भेटतात ते एकएकटे पुरुष, हातात खुबूसच्या रोट्या आणि दह्याचा डबा घेतलेले. खजुराच्या घडांना जाळ्या बांधलेल्या असतात. भर दुपारी बाहेरची कामं बंद ठेवायचा नियम आहे, त्यामुळे समोरच्या साइटवरचे मजूर आमच्या बिल्डिंगच्या सावलीला पुठ्ठे अंथरून आडवे होतात. त्यांच्यात आपल्याकडचेही असतात, कोकणातले, खानदेशातले. भाजी आणायला खाली उतरलं की कधीतरी मराठी कानावर पडतं आणि मग जरा रेंगाळावंसं वाटतं.

त्या वर्षी आम्ही गावी गेलो नाही. विनयची नोकरी गेली होती.

तो मोठ्या इमारतींच्या कूलिंगचा इंजिनिअर, गच्चीवरच्या अजस्र चिलरांची देखभाल करणारा. ऑगस्टात संध्याकाळी घरी यायचा तेव्हा त्याच्या शर्टावर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले असायचे. कंपनीचं कंत्राट दुसऱ्याला गेलं आणि मॅनेजरने त्याच्या खांद्यावर हात ठेवून 'खलास, हबीबी' म्हटलं. संपलं आणि लाडक्या, दोन्ही शब्द एका दमात. विनयने घरी येऊन ते अगदी तस्संच करून दाखवलं, माझ्या खांद्यावर हात ठेवून, आणि आम्ही दोघंही हसलो. मग जेवायला बसलो आणि दोघांनीही ताटं तशीच झाकून ठेवली.

इथे ज्याची नोकरी त्याचा व्हिसा, आणि त्याच्या व्हिसावर त्याचं घर. इतकी वर्षं मी विनयच्या व्हिसावर राहत होते; तशा असंख्य बायका राहतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. नोकरी गेली की थोड्या दिवसांची सवलत मिळते. तेवढ्यात दुसरी शोधायची, नाहीतर सामान बांधायचं. विनयने अर्ज पाठवायला सुरुवात केली, पण उन्हाळ्यात साहेबलोकही सुट्टीवर असतात. सगळीकडून एकच उत्तर यायचं, सप्टेंबरमध्ये बघू, इन्शाल्ला. सप्टेंबरपर्यंत आम्ही इथे असणार की नाही, प्रश्न तोच होता.

मी तेव्हा घरी बसून इंटिरिअरची चित्रं करून द्यायची. म्हणजे एखाद्याचा हॉल कसा दिसेल, स्वयंपाकघर कसं दिसेल, हे बांधायच्या आधी कॉम्प्युटरवर उभं करून दाखवायचं. एका कंपनीला माझं काम ठाऊक होतं. त्यांनी सांगितलं, अजमानमधल्या एका दातांच्या दवाखान्याची फिल्म करून द्या, दारातून आत शिरल्यापासून पेशंटच्या खुर्चीपर्यंत. डॉक्टरला आवडली तर तुम्हाला आमच्याकडे कायमचं घेऊ. कायमचं म्हणजे नोकरी, नोकरी म्हणजे माझ्या नावाचा व्हिसा, आणि मग विनय माझ्या व्हिसावर राहू शकला असता. आमचं इथलं घर त्या दातांच्या दवाखान्यावर येऊन टेकलं होतं.

हे विनयला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, वा. मग बाल्कनीत गेला आणि त्या दमट भट्टीत बराच वेळ उभा राहिला. ती नोकरी मला मिळावी असं त्याला मनापासून वाटत होतं, ह्यात शंका नाही. आणि आपण बायकोच्या व्हिसावर बसणार ह्याचा त्याने धसका घेतला होता, ह्यातही शंका नाही. दोन्ही एकाच माणसाच्या पोटात होतं.

अशी फिल्म म्हणजे हजारो चित्रांची चळत. प्रत्येक चित्र कॉम्प्युटरने स्वतः रंगवायचं: ऊन कुठून येतंय, काचेत काय दिसतंय, फरशीवर खुर्चीची सावली कशी पडलीय. आणि दातांच्या दवाखान्यात काय असतं, तर सगळंच चकचकीत. घरात कॉम्प्युटर होता तो आमच्या मुलीचा, सईचा, ती पुण्याला कॉलेजात गेली तेव्हा मागे राहिलेला. गेम खेळायला घेतला होता. चांगला होता, पण वय झालं होतं. एका चित्राला किती वेळ लागतो ते विनयने बघितलं, सगळ्या चित्रांचा हिशेब मनाशी केला आणि मान हलवली. मुदतीच्या आत हे होत नव्हतं. नवा घेण्याची ती वेळ नव्हती. मग म्हणाला, ओव्हरक्लॉक करू.

हा शब्द सईच्या तोंडून मी ऐकलेला होता, अर्थ तेव्हा कळला. प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं, कारखान्यातून निघताना त्याला एक वेग ठरवून दिलेला असतो. पण तो सावधपणे ठरवलेला. त्याच्या अंगात त्याहून थोडी जास्त धमक असते. सेटिंगमध्ये जाऊन हा वेग वाढवता येतो. वेग वाढवला की वीज जास्त लागते, म्हणजे व्होल्टेज वाढवावं लागतं. व्होल्टेज वाढलं की तो तापतो, आणि तापला की गार करावा लागतो. गार करणं हा तर विनयचा जन्माचा धंदा. सईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, प्लीज डोन्ट किल माय पीसी." विनय म्हणाला, अगं, मी आख्खे टॉवर गार केलेत, हा एवढासा डबा काय घेऊन बसलीस. दुसऱ्या दिवशी त्याने कितीतरी दिवसांनी दाढी केली.

बर दुबईत कॉम्प्युटरवाल्यांची दुकानं आहेत तिथे आम्ही गेलो. मोठा कूलर, जादा पंखे, आणि प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये लावायची ती राखाडी पेस्ट. दुकानदार हिंदीत म्हणाला की साहेब, हे उद्योग लोक थंडीत करतात, जानेवारीत या. विनयने त्याला आपलं काम सांगायला तोंड उघडलं, आणि चिलरवर आहे म्हणायचं की होतो म्हणायचं, तिथेच अडकला. मग मीच पेस्टची चौकशी करत बसले. परतताना मीना बाजारातून चालत क्रीकपर्यंत, म्हणजे खाडीपर्यंत गेलो आणि काहीएक कारण नसताना अब्रात, म्हणजे तिथल्या लाकडी होडीत बसून पलीकडे जाऊन आलो. पाण्यावरचा वाराही गरमच होता, पण वारा होता. विनय सगळा वेळ पेस्टची नळी हातात धरून बसला होता, प्रसाद धरावा तशी.

मग सुरू झालं टेस्टिंग. वेग एक पायरी वाढवायचा आणि प्रोसेसरला राबवायचं. त्यासाठी खास प्रोग्रॅम असतो. तो उपयोगाचं काहीच करत नाही. नुसती अवघड गणितं घालतो, एकामागून एक, दम घेऊ देत नाही. त्यात टिकला तर पुढची पायरी, कोसळला तर व्होल्टेजचा एक घोट जास्त. विनय सकाळी आंघोळ करून खुर्चीत बसायचा, पूर्वी कामावर निघायचा त्याच सुमाराला. स्क्रीनच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा आणि विनयची नजर त्या आकड्यावर. आकडा चढला की ह्याच्या भुवया चढायच्या. गार हवा पुढून घ्यायची, गरम मागून सोडायची, मध्ये कुठे घुटमळू द्यायची नाही, हे त्याने मला इतक्यांदा समजावलं की ओट्यापाशी उभं राहून पोळ्या करतानाही मी हवा कुठून येते आणि कुठे जाते ते बघायला लागले.

त्या दिवसांत फोन आला की लोक विचारायचे, काय चाललंय? विनय म्हणायचा, टेस्टिंग चालू आहे. सासूबाईंनाही तेच. नोकरी गेल्याचं त्यांना सांगितलं नव्हतं. टेस्टिंग चालू आहे हे काही खोटं नव्हतं, आणि मिरजेत बसून त्यांना वाटायचं की मुलगा कुठल्यातरी मोठ्या प्लँटवर आहे. त्या म्हणायच्या, उन्हात उभा राहू नकोस. हा म्हणायचा, नाही आई, आतच आहे.

आणि एका संध्याकाळी, आकडा उतरावा म्हणून सगळीकडून जरासं व्होल्टेज कापून झाल्यावर, त्याने जाहीर केलं की आता हा स्टेबल आहे.

हा शब्द आपल्या घरांत आला तो दवाखान्यातून. मला तरी तो पहिल्यांदा कराडला भेटला, माझ्या वडिलांच्या आजारपणात. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, पेशंट स्टेबल आहे, आणि सगळे नातेवाईक एकदम खाली चहाला गेले. बरा आहे असं डॉक्टर म्हणाले नव्हते. आणखी खाली जात नाहीये, एवढंच म्हणाले होते. पण स्टेबल ऐकलं की आपण चपला शोधायला लागतो. दुसरीकडे हा शब्द येतो तो लग्नाच्या बोलण्यात. मुलगा दुबईला असतो, स्टेबल आहे. विनयबद्दल माझ्या मावशीने अगदी हेच सांगितलं होतं. स्टेबल म्हणजे नेमकं कशात, हे मी तेव्हा विचारलं नाही. कोणीच विचारत नाही. आणि आता हा स्वतः कॉम्प्युटरकडे बोट दाखवून तोच शब्द म्हणत होता, आणि इतका खूश होता की मी शिरा केला.

मी कामाला बसले. फिल्मचा पहिला तुकडा मशीनने असा सरसर काढून दिला की मला विनयचा अभिमानच वाटला. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या वेटिंग रूममधला सोफा जरा खिडकीकडे सरकवावा का, ह्या विचारात मी माउस धरून बसले होते, आणि स्क्रीन गोठला. माउस हलेना. सोफा अर्धा भिंतीत. बंद करून चालू केलं तर सेव्ह न केलेलं सगळं गेलं. विनय धावत आला, डब्याला हात लावून बघितला आणि म्हणाला, हीट.

त्याला दोष देता येणार नाही. ह्या देशात सगळ्याचा दोष उन्हावरच जातो. गाडीची बॅटरी गेली, ऊन. दूध नासलं, ऊन. नवरा-बायको भांडले तरी उन्हाने डोकं फिरलं म्हणतात. त्यात हा आयुष्यभर उष्णतेशी झुंजलेला, दुसरा शत्रू त्याला माहीतच नव्हता. त्याने खिडकीला ॲल्युमिनियमचा कागद चिकटवला. डब्याचा बाजूचा पत्रा काढून समोर टेबलफॅन लावला. एसी अठरावर. ऑगस्टात, शारजात, मी शाल पांघरून काम करायला लागले. आणि रोज तो सगळीकडून आणखी थोडं थोडं व्होल्टेज कापायचा, कारण व्होल्टेज कमी म्हणजे ताप कमी. आकडा उतरला की मला हाक मारून दाखवायचा. आकडा रोज उतरत होता आणि मशीन रोज जास्त वेळा गोठत होतं.

मुदत जवळ यायला लागली तसा माझा धीर सुटला. मी म्हटलं, सगळं काढून टाक, आधी होतं तसं करून दे. हळू तर हळू, निम्मी फिल्म देईन, हातापाया पडेन त्यांच्या. आवाज माझा चढलाच असणार. विनय खाली मांडी घालून डब्यातली धूळ ब्रशने झटकत होता. ब्रश थांबवून तो म्हणाला,

"म्हणजे मी काहीच करायचं नाही."

प्रश्न विचारल्यासारखं म्हणाला असता तर मी उत्तर दिलं असतं. तसा तो म्हणाला नाही. मी कढीपत्त्याचं निमित्त काढलं आणि समोरच्या फ्लॅटमध्ये गेले.

समोर रुकय्याभाभी राहतात, रत्नागिरीकडच्या. त्यांच्या यजमानांचं मसाल्याचं दुकान आहे. हॉलमध्ये पाऊल टाकलं तर छताखाली बादली. एसीचं पाणी बाहेर नेणारी नळी ह्या दिवसांत गाळाने तुंबते आणि पाणी छतातून ठिबकायला लागतं. दर ऑगस्टला कुणा ना कुणाकडे हे होतंच. दरवर्षी भाभी आमच्या दारावर थाप मारायच्या, विनय जाऊन नळी मोकळी करून यायचा आणि येताना ताटलीभर घावन घेऊन यायचा. ह्या वेळची बादली जुनी असावी, तिच्याभोवती फरशीवर डाग धरला होता. मी विचारलं, विनयला का नाही सांगितलंत? भाभी म्हणाल्या, "त्यांना कशाला त्रास द्यायचा गो. आधीच ते टेन्शनमध्ये." वॉचमनला सांगितलं होतं म्हणे, पण त्याचा माणूस आज येतो, उद्या येतो करत होता.

भाभींनी हे फार मायेने म्हटलं, म्हणूनच ते मला लागलं. मला आमचा फोन आठवला. सुट्टीच्या दिवशी सकाळी तो हमखास वाजायचा. कुणाचा एसी गार करत नाही, कुणाचा फ्रिज आवाज करतोय, कुणाला नवा घ्यायचाय, कुठला घेऊ. मी वैतागायचे, विनयला म्हणायचे की तुला सुट्टी म्हणून काही नाहीच का. त्या उन्हाळ्यात कामाचा तो फोन वाजलाच नव्हता. आपल्या माणसांची ही रीतच आहे, ज्याची नोकरी गेली त्याला कोणी काम सांगत नाही. त्याला वाईट वाटेल म्हणून. कुणी वाईट नव्हतं त्यात, सगळे त्याला जपत होते. मीसुद्धा त्याच्या हातातली भाजीची पिशवी काढून घ्यायचे आणि म्हणायचे, तू बस.

घरी आले तर मशीन पुन्हा गोठलेलं. ह्या वेळी त्यावर काहीच चालू नव्हतं. फिल्मचा एक तुकडा पुरा झाला होता, पुढचा मी लावला नव्हता. स्क्रीनवर सईने ठेवलेला मांजराचा फोटो आणि कोपऱ्यातलं घड्याळ थांबलेलं. एसी अठरावर, पंखा समोर, डबा हाताला गारेगार. विनय दोन्ही हात मांडीवर टाकून पुढ्यात बसला होता. इतक्या गार मशीनला आणखी कुठून गार करणार? त्याचं सगळं करून झालं होतं.

मी म्हटलं, "विनय, हा कामात असताना एकदाही बंद पडलेला नाही."

त्याने आधी नुसती मान हलवली. मग थांबला. सोफा सरकवताना पडला होता; म्हणजे मी विचार करत होते आणि मशीन जवळजवळ रिकामंच होतं. आम्ही जेवायला उठलो तेव्हा पडला होता. कंपनीचा फोन घ्यायला मी आत गेले तेव्हा पडला होता. फिल्म काढताना, पंखे जीव खाऊन ओरडत असताना, एकदाही नाही. दोघांनी मिळून एकेक प्रसंग आठवला आणि उलटा एकही निघाला नाही. विनय खुर्चीत ताठ झाला.

मग त्याने मला समजावलं. काम नसलं की प्रोसेसर आपोआप वेग कमी करतो आणि त्याबरोबर व्होल्टेजही कमी घेतो. विनयने ताप उतरवायला सगळीकडून सारखंच व्होल्टेज कापलं होतं. भर कामात ते खपून जायचं, कारण तिथे मुळात पुष्कळ होतं. पण विसाव्याच्या वेळी मुळातच थोडं. त्यातूनही तेवढंच कापलं की नुसतं उभं राहण्यापुरतंही उरत नव्हतं. आणि इतके दिवस आम्ही त्याची परीक्षा घेतली होती ती फक्त राबवून. नुसता बसवून कधी बघितलाच नव्हता.

"रिकामं बसायलाही काहीतरी लागतंच गं," विनय म्हणाला.

स्क्रीनकडे बघतच म्हणाला. आता तुम्ही म्हणाल, बाईने बरोबर जोडी जमवली, नवरा आणि प्रोसेसर. मी नाही हो जमवली. माझा नवरा सेटिंगमध्ये जाऊन दुरुस्त होण्यातला असता तर मी केव्हाच केला असता. पण त्या वाक्यानंतर तो माझ्याकडे बघेना, आणि मला रडू आलं ते मी शालीला पुसलं, एवढं खरं.

त्याने वेग एक पायरी खाली आणला आणि कापलेलं व्होल्टेज परत दिलं. तापमानाचा आकडा चढला. चढू दे, म्हणाला. आता पुन्हा टेस्टिंग, पण उलटं. मशीन चालू ठेवायचं आणि त्याला काहीही करायला सांगायचं नाही, माउसलाही हात लावायचा नाही. मी म्हटलं, मग आपण तरी इथे बसून काय करणार? आणि सांगून टाकलं की भाभींच्या हॉलमध्ये छताखाली बादली आहे, बरेच दिवस आहे.

"आणि मला कोणी सांगितलं नाही?"

असा चिडला. इतक्या दिवसांत मी त्याला चिडलेलं बघितलं नव्हतं. नुसता शहाण्यासारखा वागत होता. कपाटावरची हत्यारांची पिशवी त्याने खाली ओढली, त्यात दोन डबे पडले ते तसेच ठेवून निघाला. भाभींना दारातच ऐकवलं की शेजारी काय बघायला ठेवलेत का. मग छताच्या पोकळीत डोकं घालून त्याची बडबड सुरू झाली, नळी कुणी बसवली, उतार कसा चुकलाय, बिल्डिंगवाले कसे डोळे मिटून बसतात. मी स्टूल धरून, भाभी खालून जपून, जपून करतायत. शेवटी नळीतून काळा गाळ भसकन बाहेर आला, त्यातला थोडा ह्याच्या शर्टावर. तो तसाच घरी येऊन मशीनपुढे उभा राहिला. मांजर जागेवर होतं, घड्याळ चालत होतं. त्याने माउस हलवला आणि बाण हलला. शर्टाला असा वास येत होता की मी त्याला आधी आंघोळीला हाकललं.

फिल्म मुदतीत गेली. शेवटच्या तुकड्यात पेशंटच्या खुर्चीवर सकाळचं ऊन पडतं, तो तुकडा आम्ही दोघांनी किती वेळा बघितला असेल कोण जाणे. डॉक्टरला ती आवडली आणि कंपनीने शब्द पाळला. भाभींनी तोवर बिल्डिंगभर केलं होतं की विनयभाई एसी बघतात, बिनधास्त सांगा. पुढच्या सुट्टीला सकाळी फोन वाजला तेव्हा मी उशी कानावर ओढली आणि बरं वाटून पडून राहिले.

थंडी पडल्यावर विनयला नोकरीही लागली. आत्ता ह्या घामेजलेल्या काचेपलीकडे तो कुठल्यातरी गच्चीवर असेल आणि कुणावर तरी खेकसत असेल. पण तो उन्हाळा संपला तो त्या नोकरीने नाही. माझ्या मनात तो संपतो टायपिंग सेंटरमध्ये.

टायपिंग सेंटर म्हणजे सरकारी अर्ज भरून देणारं दुकान. इथे गल्लोगल्ली असतात. माझा व्हिसा हातात आला होता, आता माझ्या व्हिसावर विनयचा करायचा होता. काउंटरपलीकडच्या मल्याळी टायपिस्टने आमच्या दोघांकडे एकदा बघितलं आणि, इतकी वर्षं सगळेच करत आले तसं, हात विनयपुढे केला. स्पॉन्सरचा, म्हणजे ज्याच्या व्हिसावर दुसऱ्याचा करायचा त्याचा, पासपोर्ट मागितला.

पासपोर्ट माझ्या पर्समध्ये होता. मी तो काढून पुढे ठेवला असता तर कुणाला काही बोलावंच लागलं नसतं. मी काढला नाही. सगळ्यांनी मिळून विनयच्या वाटचं बरंच काही काढून घेतलं होतं. हे एवढं सांगणं मला त्याच्याकडून घ्यायचं नव्हतं. टायपिस्टचा हात तसाच पुढे. रांगेत मागचा माणूस खाकरला.

"स्पॉन्सर मॅडम है," विनय म्हणाला. "मैं इनके व्हिसा पे हूँ."

आवाज त्याचा रोजचाच होता. टायपिस्टने मानसुद्धा वर केली नाही. हात तेवढा उचलून माझ्यापुढे आणला आणि पासपोर्ट मिळाल्याबरोबर टाइप करायला लागला. त्याच्या दृष्टीने काही घडलंच नव्हतं. थोड्या वेळाने त्याने कागद छापून माझ्यापुढे सरकवला आणि सहीच्या जागी पेन्सिलने फुली मारली. असल्या कागदांवर आजवर विनय सही करायचा आणि मी बाजूला उभी असायचे. मी पेन टेकवलं तोच कागद सरकला आणि सही रेघ सोडून भलतीकडेच गेली. टायपिस्टने दुसरी प्रत छापली.

विनयने तो कागद माझ्यापुढे सरळ केला आणि हलू नये म्हणून त्याच्या कडेवर हात ठेवला.

"सावकाश कर," तो म्हणाला. "मी इथेच आहे."